‘स्ट्रीक तुटली’ असे एजंट पुन्हा पुन्हा का सांगतो: आकडे देणाऱ्या टूलचे वर्णन आणि समस्या निवारण

नागपुरातील काही अभ्यासिकांमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका सराव-ॲपसाठी आम्ही एक छोटे टूल सांभाळतो. एमपीएससी किंवा पोलीस भरतीची तयारी करणारा विद्यार्थी ॲपवर रोज प्रश्न सोडवतो, त्याचे त्याला पॉइंट मिळतात, पॉइंट साठत गेले की लेव्हल वाढते, सलग दिवस अभ्यास केला की स्ट्रीक वाढते आणि दर आठवड्याला अभ्यासिकेत त्याचा क्रमांक लागतो. मोबाइलवरच्या खेळात असते तशीच ही रचना आहे. हे आकडे विद्यार्थी ॲपमधल्या एआय एजंटला साध्या मराठीत विचारतो आणि एजंट ते आमच्या टूलकडून मागवून उत्तर देतो. टूल फक्त वाचते. ते कोणताही आकडा बदलत नाही.

इतके साधे काम असूनही एकच तक्रार आमच्याकडे तीन वेळा आली, तीन वेळा आम्ही ती दुरुस्त झाली असे समजलो आणि प्रत्येक वेळी तिचे कारण वेगळे निघाले. तक्रार अशी होती की विद्यार्थ्याने अभ्यास केलेला असतानाही एजंट त्याला ‘आज तुमचा अभ्यास झालेला नाही’ किंवा ‘तुमची स्ट्रीक तुटली आहे’ असे ठामपणे सांगतो. अशा टूलवर काम करणाऱ्या इतरांनाही हीच अडचण येण्याची शक्यता असल्यामुळे तिन्ही कारणे, ती शोधण्याची पद्धत आणि अखेर टिकलेली दुरुस्ती येथे सविस्तर लिहीत आहे. स्ट्रीक हा विषय बाहेरून पाहणाऱ्याला किरकोळ वाटेल, परंतु साठ-सत्तर दिवस एकही खाडा न करता अभ्यास केलेल्या मुलीला पहाटे अभ्यासिकेत बसल्या बसल्या ‘शून्य दिवस’ असे उत्तर मिळते, तेव्हा तिच्या मनाला काय वाटते हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

तक्रार उन्हाळ्यातच का वाढते

पहिला धागा सापडला तो तक्रारींच्या वेळेत. वर्षभर अधूनमधून येणारी ही तक्रार मे महिन्यात एकदम वाढत असे. आम्ही आधी सर्व्हरवरचा ताण, मग मॉडेलची नवी आवृत्ती, मग इंटरनेटची जोडणी अशी कारणे तपासत राहिलो आणि त्यातले एकही लागू पडले नाही. उत्तर नागपूरच्या उन्हात होते. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारी कूलरसमोर बसूनही डोके चालत नाही, आणि नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस) लागला की बरेच विद्यार्थी अभ्यासाची वेळ सरळ पहाटेवर नेतात. नंदनवन, महाल, मानेवाडा या भागांतल्या अभ्यासिकांमध्ये त्या दिवसांत पहाटे चारलाच खुर्च्या भरलेल्या असतात. एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, ‘सर, मी तं चार वाजताच येऊन बसलो होतो ना, मग स्ट्रीक कशी काय तुटली?’ त्याच्या या एका वाक्यात निम्मे निदान होते. ते माझ्या लक्षात यायला मात्र दोन आठवडे लागले.

भारतीय प्रमाणवेळ यूटीसीपेक्षा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपेक्षा, ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. याचा अर्थ यूटीसीचा नवा दिवस आपल्याकडे पहाटे ५:३० वाजता सुरू होतो. आमचा डेटाबेस ज्या सर्व्हरवर चालतो त्याचे घड्याळ यूटीसीवर आहे आणि दिवसांची मोजणी करणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, त्याच घड्याळाने दिवस तोडत होती. त्यामुळे मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंत केलेला सगळा अभ्यास आदल्या दिवसाच्या नावावर जमा होत होता.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याने १२ मे रोजी सकाळी ८ वाजता प्रश्न सोडवले. १३ मे रोजी तो पहाटे ४:३५ ला बसला, सव्वापाचला उठला आणि त्या दिवशी पुन्हा ॲप उघडले नाही. १४ मे रोजी तो पुन्हा सकाळी ८ वाजता बसला. त्याच्या दृष्टीने तीन सलग दिवस झाले. यूटीसीच्या हिशेबाने मात्र पहिल्या दोन्ही बैठका १२ मेच्या आणि तिसरी १४ मेची ठरली, कारण १३ मेचे पहाटेचे ४:३५ म्हणजे यूटीसीत १२ मेचे रात्रीचे २३:०५. मधला १३ मे रिकामा राहिला आणि स्ट्रीक तुटली. जो विद्यार्थी रोज न चुकता पहाटेच बसत होता त्याची स्ट्रीक तुटत नव्हती, कारण त्याचे सगळेच दिवस सारखेच एक दिवसाने मागे सरकत होते. जो रोज सकाळी बसत होता त्यालाही काही त्रास नव्हता. ज्याने वेळ बदलली त्यालाच फटका बसत होता, आणि वेळ बदलण्याचा हंगाम म्हणजे उन्हाळा. म्हणूनच तक्रार सरसकट येत नव्हती आणि म्हणूनच आम्ही ती बराच काळ ‘विद्यार्थ्याचाच काही गोंधळ झाला असेल’ असे समजून बाजूला ठेवत गेलो. ते आमचे चुकलेच.

ही चूक आमच्या स्वतःच्या संगणकांवर कधीच दिसली नाही, त्याचेही कारण सांगितले पाहिजे. पोस्टग्रेस, म्हणजे आमची डेटाबेस प्रणाली, बसवताना ते आजूबाजूच्या यंत्रणेचा टाइमझोन पाहून आपली मूळ सेटिंग ठरवते. आमच्या लॅपटॉपवर ती भारतीय वेळ होती आणि सर्व्हरवर यूटीसी, त्यामुळे तीच क्वेरी दोन ठिकाणी दोन उत्तरे देत होती. यावरचा उपाय म्हणजे दिवस ठरवणाऱ्या प्रत्येक क्वेरीत टाइमझोन नावानिशी लिहिणे. आम्ही ‘एशिया/कोलकाता’ हे नाव वापरतो. ५:३० चा फरक हाताने मिळवण्यापेक्षा नाव देणे चांगले, कारण ते वाचणाऱ्याला हेतू सांगते आणि कोणीतरी चुकून तो फरक दोनदा मिळवण्याचा धोका टळतो. मूळ नोंदी यूटीसीतच राहू द्याव्यात. दिवस तोडायचा तेवढा विद्यार्थ्याच्या घड्याळाने तोडावा.

दुरुस्तीनंतरही तीच तक्रार

क्वेरी सुधारून आठ दिवस झाले आणि पुन्हा तसाच स्क्रीनशॉट आला. या वेळी टूलने दिलेला स्ट्रीकचा आकडा अचूक होता, तरी एजंटने लिहिले होते, ‘तुमची शेवटची नोंद कालची आहे, आज अजून अभ्यास झालेला नाही, स्ट्रीक टिकवायची असेल तर आज नक्की बसा.’ विद्यार्थी तर तासभर अभ्यास करून नुकताच उठला होता.

येथे आम्ही जी पद्धत अवलंबली ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. आम्ही एका तक्रारीसाठी तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या: डेटाबेसमधल्या मूळ नोंदी, टूलने एजंटला दिलेले जसेच्या तसे उत्तर आणि एजंटने विद्यार्थ्याला लिहिलेले वाक्य. डावीकडून उजवीकडे वाचत गेल्यावर ज्या जागी पहिल्यांदा विसंगती दिसते, दोष त्या जागेच्या लगेच आधी असतो. तोपर्यंत आम्ही फक्त शेवटचा स्तंभ पाहत होतो आणि ‘मॉडेल काहीही सांगते’ असा निष्कर्ष काढून सूचनांमध्ये ‘कृपया अचूक उत्तर द्यावे’ अशी वाक्ये वाढवत होतो. अशा वाक्यांनी काहीही सुधारत नाही, कारण अचूक म्हणजे काय हे कळण्यासाठी लागणारी माहितीच एजंटकडे नसते. टूलचे उत्तर लॉगमध्ये (प्रणालीच्या नोंदवहीत) जसेच्या तसे ठेवण्याची सोय नसेल तर बाकी सगळे सोडून ती आधी करावी. टूल एजंटशी स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून (प्रोग्रॅमच्या मजकूर आत-बाहेर नेणाऱ्या मूळ वाटांवरून) बोलत असेल तर हा लॉग स्टँडर्ड एररवर (त्रुटींसाठीच्या वेगळ्या वाटेवर) किंवा फाइलमध्ये लिहावा. स्टँडर्ड आउटपुटवर संदेशांखेरीज एकही ओळ गेली तर जोडणीच बिघडते आणि मूळ समस्येत नवी भर पडते.

तीन स्तंभ समोर आल्यावर उत्तर पाच मिनिटांत सापडले. टूलच्या उत्तरात ‘शेवटची_नोंद’ नावाचे एक फील्ड (माहितीचा रकाना) होते आणि त्यात यूटीसीतली वेळ होती: आदल्या तारखेचे २३:०५. एजंटला आजची तारीख ठाऊक होती. त्याने दोन तारखांची तुलना केली आणि शेवटची नोंद कालची आहे असा तर्क केला. त्याच्या जागी नवा कर्मचारी असता तर त्यानेही तेच केले असते, कारण ती वेळ कोणत्या घड्याळाची आहे आणि ‘आज अभ्यास झाला का’ हे कशावरून ठरवायचे हे त्याला कोणीच सांगितले नव्हते.

आमचे टूल मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर, म्हणजे एमसीपीवर, चालते. एजंट आणि टूल यांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे हे ठरलेले नियम आहेत. ॲन्थ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये हा प्रोटोकॉल खुला केला. त्यात एजंटची बाजू आधी सर्व्हरकडे टूलची यादी मागते आणि त्या यादीत प्रत्येक टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला काय माहिती द्यायची याचा आराखडा येतो. कोणते टूल कधी बोलवायचे आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा, हे एजंट मुख्यतः तेवढ्या मजकुरावरून ठरवतो. आमचे वेगळे दस्तऐवजीकरण चांगले पंधरा पानांचे होते, त्यात स्ट्रीकची व्याख्याही होती, परंतु ती पाने एजंटपर्यंत कधीच पोहोचत नव्हती. त्याच्यापर्यंत पोहोचणारे वर्णन एकाच वाक्याचे होते: ‘वापरकर्त्याची आकडेवारी मिळवते.’

हे वाक्य मीच लिहिले होते. तेव्हा ते पुरेसे वाटले, कारण माझ्या डोक्यात बाकीची पंधरा पाने होती.

वर्णन नव्याने लिहिताना

पहिल्या प्रयत्नात आम्ही उलट टोक गाठले. पॉइंट कसे मोजतात, कोणत्या विषयाला किती पॉइंट, लेव्हलच्या मर्यादा पूर्वी काय होत्या आणि आता काय आहेत, असे दीड पान वर्णनात भरले. परिणाम असा झाला की साधा ‘माझे पॉइंट किती?’ असा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला एजंट आकड्याबरोबर नियमावलीही ऐकवू लागला. शिवाय वर्णनाचा प्रत्येक शब्द संभाषणातली जागा व्यापतो. म्हणून आम्ही एक कसोटी ठरवली: जे वाक्य काढून टाकल्यावर एजंटचे उत्तर चुकण्याची शक्यता निर्माण होते तेवढेच ठेवायचे. त्या कसोटीवर टिकलेला मजकूर असा आहे:

‘लॉगिन केलेल्या विद्यार्थ्याचे सध्याचे आकडे परत करते. काहीही बदलत नाही. विद्यार्थ्याने आकडे विचारले की प्रत्येक वेळी नव्याने बोलवावे. संभाषणातील आधीचे आकडे वापरू नयेत. “स्ट्रीक” म्हणजे किमान एक प्रश्न सोडवलेल्या सलग दिवसांची संख्या. दिवस भारतीय प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री सुरू होतो. आज अजून अभ्यास झालेला नसेल तरी कालपर्यंतची स्ट्रीक चालूच असते. आज अभ्यास झाला का हे “आज_अभ्यास” या फील्डवरूनच सांगावे, तारखांची तुलना करून ठरवू नये. “आठवडा_क्रमांक” हा सोमवारी सुरू होणाऱ्या चालू आठवड्याचा आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अभ्यासिकेतील क्रमांक आहे. कोणतेही फील्ड रिक्त असेल तर तो आकडा उपलब्ध नाही. त्याला शून्य म्हणू नये.’

यातले ‘कालपर्यंतची स्ट्रीक चालूच असते’ हे वाक्य लिहिताना आमच्या लक्षात आले की हा प्रश्न आमच्या कोडनेही नीट सोडवलेला नव्हता. कोड आजपासून मागे मोजत जात होते आणि आजची नोंद नसली की थेट शून्य देत होते. म्हणजे सकाळी ॲप उघडून, एकही प्रश्न सोडवण्यापूर्वी विचारणाऱ्या प्रत्येकाला शून्य दिसण्याची सोय आम्हीच करून ठेवली होती. व्याख्या पूर्ण वाक्यात लिहायला बसल्याशिवाय ही फट दिसली नसती. तेव्हापासून आमच्याकडे फील्डची व्याख्या आधी लिहिली जाते आणि क्वेरी त्यानंतर.

‘आज_अभ्यास’ हे होय-नाही स्वरूपाचे फील्ड नवीन आहे. एजंटला जे गणित करावे लागू नये असे वाटते त्याचे उत्तर टूलनेच द्यावे, हे यामागचे तत्त्व. लेव्हलबाबतही तेच केले. पूर्वी टूल पॉइंट आणि लेव्हल एवढेच देत होते आणि ‘पुढच्या लेव्हलला किती कमी पडतात?’ या प्रश्नावर एजंट सर्व लेव्हल सारख्याच अंतराच्या आहेत असे गृहीत धरून वजाबाकी करत होता. आमच्याकडे प्रत्येक पुढची लेव्हल अधिक पॉइंट मागते, त्यामुळे ते उत्तर नेहमीच कमी निघे. आता ‘पुढील_लेव्हलसाठी’ हा आकडा टूलच देते. ‘शेवटची_नोंद’ आम्ही ठेवली आहे, पण ती आता भारतीय वेळेत आणि फरकासह, म्हणजे ‘+०५:३०’ जोडून जाते.

एमसीपीच्या १८ जून २०२५ च्या आवृत्तीपासून टूलच्या उत्तराचाही आराखडा जाहीर करता येतो आणि त्यात प्रत्येक फील्डपुढे त्याचा अर्थ लिहिता येतो. ज्यांना शक्य असेल त्यांनी ही सोय वापरावी. तरीही स्ट्रीक आणि रिक्त फील्ड यांविषयीची वाक्ये आम्ही मुख्य वर्णनातही ठेवली आहेत, कारण एजंट चालवणारी प्रत्येक प्रणाली उत्तराचा आराखडा मॉडेलपुढे ठेवेलच याची हमी धरता येत नाही.

तिसरी वेळ: शून्य आणि ‘माहीत नाही’

सुरुवातीला ज्या मुलीचा उल्लेख केला तिची तक्रार या वेळची. तिने वेळ बदललेली नव्हती, तारखांचाही काही संबंध नव्हता. एजंटने तिला ‘तुमचे पॉइंट ०, लेव्हल १, स्ट्रीक ० दिवस’ असे सांगितले आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारल्यावर सगळे आकडे बरोबर दिले. त्या दहा मिनिटांत तिने अभ्यासिकेच्या चालकांना फोन करून झाला होता.

तीन स्तंभ मांडल्यावर दिसले की त्या क्षणी डेटाबेसचे उत्तर वेळेत आले नव्हते. आमच्या कोडने अशा वेळी त्रुटी कळवायच्या ऐवजी रिकामी नोंद पुढे पाठवली होती आणि त्यापुढच्या थराने रिकाम्या जागा मूळ किमतींनी भरल्या होत्या: पॉइंट ०, लेव्हल १, स्ट्रीक ०. नवीन विद्यार्थ्याचे खाते उघडताना हीच मूळ किंमत योग्य असते. म्हणूनच ती तेथे होती. परंतु ‘अजून काही कमावलेले नाही’ आणि ‘आत्ता कळू शकले नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्याने सांगितल्या गेल्या, तर ऐकणाऱ्याला, मग तो माणूस असो वा एजंट, त्यांतला फरक कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

दुरुस्ती दोन भागांत केली. ज्या फील्डला खरोखर किंमत नाही, उदाहरणार्थ सोमवारी सकाळी कोणाचाच क्रमांक लागलेला नसतो तेव्हा ‘आठवडा_क्रमांक’, तेथे आता नल, म्हणजे ‘किंमत नाही’ अशी खूण, जाते आणि आराखड्यातही ते फील्ड ‘पूर्णांक किंवा नल’ असेच जाहीर केलेले आहे. आकडे आणताना बिघाड झाला तर टूल आकडे देतच नाही. एमसीपीत टूलच्या उत्तराला त्रुटीचा झेंडा लावता येतो आणि सोबत मजकूर देता येतो. त्या मजकुरात आम्ही लिहितो: ‘आकडे आत्ता मिळू शकले नाहीत. विद्यार्थ्याचे आकडे सुरक्षित आहेत. कोणताही आकडा सांगू नये. थोड्या वेळाने पुन्हा विचारण्यास सांगावे.’ त्रुटीचा संदेश हाही वर्णनाचाच भाग आहे असे मी मानतो. ‘त्रुटी ५०४’ एवढेच लिहिले तर एजंट त्यावरून काय सांगेल हे दैवावर राहते, आणि काही वेळा तो संभाषणातले आधीचे आकडे उचलून उत्तर देतो. वरील मजकूर दिल्यापासून तो विद्यार्थ्याला नेमके तेच सांगतो.

त्रुटींचे दोन प्रकार वेगळे ठेवणेही आवश्यक आहे. मागणीच चुकीच्या स्वरूपात आली असेल तर ती प्रोटोकॉलच्या पातळीवरची त्रुटी असते आणि जेसन-आरपीसीत, म्हणजे एमसीपी ज्या संदेश-पद्धतीवर चालतो तिच्यात, चुकीच्या माहितीसाठी उणे ३२६०२ हा ठरलेला क्रमांक आहे. मागणी बरोबर असून काम पार पडले नाही, तर वर सांगितलेला त्रुटीचा झेंडा वापरावा, म्हणजे मजकूर मॉडेलपर्यंत पोहोचतो आणि त्याला पुढचे पाऊल ठरवता येते.

देवनागरी अंकांविषयी

ही वेगळी अडचण आहे, परंतु मराठीत चालणाऱ्या टूलमध्ये ती हमखास येते आणि बाहेरून पाहता तिचे लक्षण तेच असते, म्हणजे विद्यार्थी असूनही ‘नोंद सापडली नाही’. सुरुवातीला आमचे टूल विद्यार्थ्याचा क्रमांक एजंटकडून घेत होते. मराठी कीबोर्डवरून विद्यार्थी ‘माझा क्रमांक ४१२’ असे लिहितो आणि एजंट कधी इंग्रजी अंकांत, तर कधी आलेल्याच देवनागरी अंकांत तो पुढे पाठवतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत देवनागरी अंकांच्या मजकुराचे पूर्णांकात रूपांतर बिनबोभाट होते. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत त्याच मजकुराची संख्या करायला गेल्यास ‘संख्या नाही’ असे उत्तर येते. आमची तपासणी पायथनमध्ये आणि ॲपचा सर्व्हर जावास्क्रिप्टमध्ये असल्यामुळे चाचणीत सगळे हिरवे दिसत होते आणि प्रत्यक्षात नोंद सापडत नव्हती. जेसनमध्येही, म्हणजे हे संदेश ज्या स्वरूपात लिहिले जातात त्यातही, संख्या म्हणून फक्त इंग्रजी अंकच चालतात. देवनागरी अंक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच जाऊ शकतात.

विद्यार्थ्यांसाठीच्या टूलमधून आम्ही क्रमांक हा घटकच काढून टाकला. लॉगिनवरून विद्यार्थी कोण आहे हे सर्व्हरला आधीच माहीत असते, मग ते एजंटला विचारायचेच कशाला? यामुळे आणखी एक गोष्ट साधली: शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राचा क्रमांक टाकून त्याचे आकडे पाहण्याची वाट बंद झाली. ही वाट आधी उघडी होती हे मला मान्य केले पाहिजे, आणि केवळ एवढ्यासाठीही हा बदल करावा असे मी आग्रहाने सांगेन. अभ्यासिकेच्या चालकांसाठी वेगळे टूल आहे. त्यात क्रमांक लागतो आणि तेथे आम्ही दाखल होताक्षणीच देवनागरी अंकांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करतो. उत्तर देताना अंक कोणत्या लिपीत दाखवायचे ते एजंटवर सोडले आहे. विद्यार्थी ज्या अंकांत लिहितो त्याच अंकांत तो सहसा उत्तर देतो.

पुन्हा उद्भवू नये यासाठी

चाचणीसाठी आम्ही पाच वेळा निश्चित केल्या आहेत: मध्यरात्रीचे ००:००, पहाटेचे ४:३५, ५:२९, ५:३१ आणि रात्रीचे २३:५९. या प्रत्येक वेळी केलेली नोंद कोणत्या दिवसात मोजली जाते हे तपासले जाते आणि ती संपूर्ण चाचणी दोनदा चालवली जाते, एकदा यंत्राचा टाइमझोन यूटीसी ठेवून आणि एकदा भारतीय वेळ ठेवून. दोन्ही वेळची उत्तरे तंतोतंत सारखी आली पाहिजेत. ४:३५ ही वेळ त्या पहिल्या विद्यार्थ्याच्या नोंदीवरूनच घेतली आहे.

कोडची चाचणी झाली तरी वर्णनाची होत नाही, म्हणून दुसरी चाचणी एजंटला धरून आहे. ठरावीक बनावट आकडे देणारे टूल त्याला जोडतो आणि विद्यार्थी ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत प्रश्न विचारतो: ‘स्ट्रीक किती झाली?’, ‘आज बसलो होतो ते धरलं का?’, ‘पुढच्या लेव्हलला किती पाहिजेत?’, ‘मी कितवा आहे?’ मॉडेल प्रत्येक वेळी एकसारखेच उत्तर देईल असे नसल्यामुळे प्रत्येक प्रश्न पाच वेळा विचारतो आणि पाचही वेळा आकडा बरोबर आला तरच ती चाचणी उत्तीर्ण धरतो. वर्णनातला एक शब्द जरी बदलला तरी ही चाचणी पुन्हा चालवली जाते. ‘मी कितवा आहे?’ या प्रश्नानेच आम्हाला दाखवून दिले की वर्णनात ‘स्वतःच्या अभ्यासिकेतील’ हे शब्द नसतील तर एजंट कधी कधी ‘संपूर्ण नागपुरात’ असे स्वतःहून जोडतो.

व्याख्या आता एकाच फाइलमध्ये ठेवल्या आहेत आणि एजंटला जाणारे वर्णन व माणसांसाठीचे दस्तऐवजीकरण ही दोन्ही त्या फाइलमधून तयार होतात. पूर्वी पंधरा पानांत एक व्याख्या, वर्णनात दुसरी आणि कोडमध्ये तिसरी अशी स्थिती होती.

राहता राहिला प्रश्न आधीच तुटलेल्या स्ट्रीकचा. मूळ नोंदी यूटीसीत आणि सेकंदापर्यंत अचूक साठवलेल्या असल्यामुळे त्या कधीच बिघडल्या नव्हत्या; चुकत होती ती मोजणी. म्हणून आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याची स्ट्रीक अगदी पहिल्या नोंदीपासून नव्याने मोजली. हे करताना थेट आकडे बदलण्याआधी जुनी आणि नवी संख्या शेजारी शेजारी ठेवून पाहावी, कारण काही थोड्या विद्यार्थ्यांची स्ट्रीक नव्या मोजणीत कमीही होते. यूटीसीच्या दिवसामुळे रात्री उशिरा केलेला अभ्यास त्यांचा आदला रिकामा दिवस भरून काढत होता. अशांची जुनी संख्या आम्ही तशीच राहू दिली आणि मोजणी त्या दिवसापासून पुढे नव्या नियमाने सुरू केली. ज्यांची वाढली त्यांना ॲपमधून एका ओळीचा संदेश गेला की तुमची स्ट्रीक आमच्या चुकीमुळे तुटलेली दिसत होती आणि आता ती पूर्ववत केली आहे. पहाटे चारला येऊन बसणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या खात्यावर १३ मे हा दिवस आता भरलेला दिसतो.